गुळव्याचं पथ्य

करवीर तालुक्यातल्या एका गुऱ्हाळावर बापू गुळव्या होते. रस कितपत आटला, काहील कधी उतरवायची, हे सारं त्यांच्या नजरेवर चाले. क्षण हुकला की अख्खं आधण वाया. म्हणून हंगामात ते काहिलीपासून हलत नसत, आणि लघवीला जावं लागू नये म्हणून पाणीच कमी पीत. चुलाणाची धग, घामाच्या धारा, आणि पोटात चहा नि पेलाभर उसाचा रस.

माघातल्या एका रात्री कुशीत कळ उठली, ती जांघेपर्यंत उतरली. सोनोग्राफीत मुतखडा दिसला. लहान होता, पडून गेला.

पथ्य गावानं सांगितलं. खड्यात कॅल्शियम, दुधात कॅल्शियम, तेव्हा दूध-दही बंद. बापूंनी ते निष्ठेनं पाळलं. गोठ्यात दोन म्हशी असून कोरा चहा प्यायले. खर्डा, लोणचं, पापड मात्र चालूच राहिले. मिठाबद्दल कुणी चकार शब्द काढला नव्हता, पाण्याबद्दलही नाही. माणूस मनापासून सोसत होता आणि ते सारं भलत्याच जागी, याचं मला फार वाईट वाटतं.

पुढच्या हंगामात कळ परत आली. कोल्हापुरातल्या डॉक्टरीणबाईंनी या वेळी पडलेला खडा तपासायला पाठवला. कॅल्शियम ऑक्झलेटचा निघाला. बहुतेकांचा तोच असतो.

“लघवीचा रंग कसा असतो?”

“पिवळीधम्मक. हंगामात तर ज्यादाच.”

“आणि काहिलीतला रस आटल्यावर किती उरतो?”

“पाचवा-सहावा हिस्सा. पाणी उडालं की गूळ बसायचाच.”

“मग तुमच्या मूत्रपिंडात दुसरं काय होतंय, बापू?”

बापू गप्प झाले. आटवण्याचं शास्त्र त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती.

दुधाचं मात्र बाईंना नीट समजावून सांगावं लागलं. पालक, बीट, बदाम, चहा यांतून ऑक्झलेट पोटात जातं. जेवणातलं कॅल्शियम त्याला आतड्यातच धरतं आणि दोन्ही शौचावाटे निघून जातात. दूध-दही तोडलं की ऑक्झलेट मोकळं सुटतं, रक्तातून लघवीत उतरतं. म्हणजे कोऱ्या चहानं उलटंच केलं होतं. इटलीत वारंवार खडे होणाऱ्या १२० पुरुषांवर पाच वर्षं झालेला अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. कॅल्शियम तोडलेल्या ६० जणांपैकी २३ जणांना पुन्हा खडा झाला. दूधदुभतं नेहमीसारखं ठेवून मीठ आणि मांस कमी केलेल्या ६० जणांपैकी १२ जणांना. जास्त मीठ लघवीत कॅल्शियम ओढून आणतं, म्हणून दिवसभराचं सगळं मिळून ५ ग्रॅम, म्हणजे जेमतेम चमचाभर, एवढंच. लिंबातलं सायट्रेट खडा धरू देत नाही. लिंबूपाणी रोज घ्यावं, पण मीठ-साखर न घालता. उसाच्या रसानं तहान भागवू नये.

“आणि पाणी किती?”

हृदय आणि मूत्रपिंड ठीक असल्याचं बाईंनी आधीच तपासलं होतं. ज्यांचं ठीक नाही, त्यांना हे माप लागू नाही. “दिवसाला अडीच लिटर लघवी झाली पाहिजे. एरवी तीन लिटर पाण्यात भागेल, चुलाणाजवळ त्याहून जास्त लागेल. रंग फिका दिसेपर्यंत प्या. झोपतानाही एक पेला.”

“पितो की. पण मी उठलो तर काहील कोण बघणार?”

याचं उत्तर बाईंच्या कागदावर नव्हतं. पथ्य इथंच मोडतं, आणि आपण माणसाला हलगर्जी ठरवून मोकळे होतो.

दसऱ्याला हंगामाची बोली झाली, तेव्हा बापूंनी मजुरी वाढवून मागितली नाही. काहिलीजवळ पाण्याचा माठ आणि हाताखाली शिकाऊ पोरगा, एवढंच मागितलं. मालक कुरकुरले. दोन हंगामांत बापू कळ येऊन पडले तेव्हा किती आधणं वाया गेली, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी पोरगा दिला. तेवढ्यात चुलाणात चिपाडं टाकणारा जळव्या पुढं आला, “मालक, मी तर आगीच्या तोंडाशीच बसतोय.”

माठ दोन आले.