घराचा भाव आणि गरजेचा भाव

सन २०२५ च्या दिवाळीपूर्वी आमचा एक भाचा सल्ला विचारण्यास आमच्याकडे आला. बडोद्यातच नोकरी, लग्नास चार वर्षे झालेली, आणि आजवर भाड्याच्या घरात राहिलेला. विश्वामित्रीच्या बाजूस एका सोसायटीतील दुसऱ्या मजल्यावरचे घर त्या दोघांच्या मनात भरले होते. मालकांनी ४८ लाख रुपये सांगितले होते. मालकांच्या पत्नीची शस्त्रक्रिया व्हावयाची असून त्यांस महिन्याच्या आत पैसे हवे आहेत, ही बातमी दलालाने भाच्याच्या कानावर घातली आणि वर सल्लाही दिला, की ४० सांगा व तीन आठवडे फोन उचलू नका. माणूस आपोआप खाली येतो. भाचा आम्हांस म्हणाला, "मामा, ४० ला मिळाले तर हप्ता महिन्याला जवळजवळ सात हजारांनी कमी होईल. पण हे पाप तर नाही ना?"

पाप हा शब्द हल्लीच्या मुलांच्या तोंडी क्वचितच येतो, म्हणून आम्ही चपापलो. चपापण्याचे दुसरेही एक कारण होते, ते पुढे येईलच.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. भाव करणे हेच मुळी हलकेपणाचे, असे मानणारी सालस मंडळी आपल्यात पुष्कळ आहेत. भाजीवालीशी दोन रुपयांसाठी हुज्जत घालणारा गृहस्थ घर घेताना मात्र संकोचाने मान डोलावतो. या संकोचाची किंमत मोठी असते. शेकडा साडेआठ दराने वीस वर्षांच्या मुदतीवर घेतलेल्या एक लाखाच्या कर्जाचा हप्ता महिना सुमारे ८६८ रुपये पडतो. म्हणजे वीस वर्षांत त्या एका लाखापोटी २ लाख ८ हजारांहून अधिक रक्कम भरावी लागते. संकोचापायी सोडून दिलेला लाख हा असा दुप्पट होऊन मुलांच्या शिक्षणातून आणि वडिलांच्या औषधातून वजा होतो. पहिले घर घेणारा माणूस सौद्यात बहुधा दुबळाच असतो. त्यास बाजाराची माहिती नसते, घरमालकाने जागा सोडण्यास सांगितलेले असते, आणि पत्नीस गच्ची आवडल्याचे दलालाने तिच्या चेहऱ्यावरून ओळखलेले असते. अशाने भाव न करणे म्हणजे सात्त्विकपणा नव्हे. ती आपल्यावर अवलंबून असलेल्यांविषयीची बेफिकिरी होय.

परंतु भाव कशाचा करावयाचा, हा खरा प्रश्न आहे.

कौटिल्याने अर्थशास्त्राच्या तिसऱ्या अधिकरणात वास्तुविक्रयाची जी रीत सांगितली आहे, ती या बाबतीत मोठी विचार करावयास लावणारी आहे. आधी आप्त, मग शेजारी, मग धनको, या क्रमाने विकत घेण्याचा हक्क. घराची विक्री त्या घरासमोरच, शेजारच्या चाळीस कुळांच्या समक्ष पुकारावयाची. या किमतीस कोण घेतो, असे तीनदा विचारावयाचे. कोणी हरकत न घेतल्यास घेणाराने घ्यावे. आणि चढाओढीने किंमत वाढलीच, तर ती वाढ शुल्कासह राजाच्या कोशात जाई. आजच्या सोसायटीच्या फाटकाशी चाळीस कुटुंबे जमवून कोणी अशी विक्री करू म्हणेल तर लोक हसतील, आणि तसे करावे असे आम्हीही म्हणत नाही. पण त्या रीतीमागील दृष्टी पाहण्याजोगी आहे. घराला एक सांगण्याजोगी किंमत असते, ती चार शेजाऱ्यांसमोर उच्चारता आली पाहिजे, आणि केवळ कोणाच्या तरी निकडीतून उपजलेली रक्कम ही सौद्यातील कोणाची रास्त मिळकत नव्हे, असे त्या ग्रंथकारास वाटत असावे.

आता आमची गोष्ट. सन १९९४ मध्ये दांडिया बाजारालगतच्या एका गल्लीत आम्ही आमचे पहिले घर घेतले. विकणाऱ्या बाई विधवा होत्या. मुलगा शाळेत होता. नाशकास भावाच्या शेजारी दोन खोल्या घेण्याचे त्यांनी ठरविले होते आणि तिकडे इसार देऊन बसल्या होत्या. घराचे त्यांनी ३ लाख २५ हजार सांगितले. घर दाखविताना मागच्या खोलीत त्या आपण होऊन थांबल्या, भिंतीच्या वरच्या कोपऱ्याकडे बोट करून म्हणाल्या, "इथे पावसाळ्यात ओल येते हो. दोनदा गिलावा केला, पण येतेच. नंतर तुम्हांला वाटायला नको, की बाईंनी सांगितलं नाही." तो मार्च महिना होता, भिंत कोरडी ठणठणीत होती. त्या न बोलत्या तर आम्हांस काहीही कळले नसते.

गवंड्याने त्या ओलीच्या दुरुस्तीचे आठ हजार सांगितले. आम्ही ओलीचे नाव पुढे करून २ लाख ९० हजार देऊ केले. बाई गप्प राहिल्या. मग दलालाकडून आम्हांस समजले, की महिन्याच्या अखेरीपर्यंत पैसे न पोचल्यास त्यांचा नाशिकचा इसार बुडतो. त्यानंतर नऊ दिवस आम्ही काहीच कळविले नाही. त्यांचा मुलगा दोनदा निरोप घेऊन आला. "विचार चालू आहे" असे सांगून आम्ही त्यास परत पाठविले. वस्तुतः आमचा विचार पहिल्याच दिवशी झाला होता. दहाव्या दिवशी बाई स्वतः आल्या आणि २ लाख ९० हजारांस कबूल झाल्या. आप्तेष्टांनी आमच्या धोरणाची वाखाणणी केली. आम्हीही ती ऐकून घेतली.

पुढे अनेकदा आम्ही त्या ३५ हजारांची फोड मनाशी केली आहे. आठ हजार ओलीचे; ते रास्त. सांगितलेल्या किमतीत भाव करण्यासाठी म्हणून प्रत्येक विकणारा थोडे ठेवतोच. त्याचे सात हजार धरू. उरले वीस हजार. हे वीस हजार घराच्या कोणत्या उणिवेबद्दल? घरात तर तशी उणीव नव्हती. ते त्या बाईंच्या निकडीचे वीस हजार होते. आणि अधिक लाजिरवाणी गोष्ट अशी, की ज्या खरेपणाने त्यांनी ओल दाखविली, तोच खरेपणा आम्ही त्यांच्याविरुद्ध वापरला. ओल लपवून ठेवणाऱ्या माणसास आम्ही कदाचित अधिक किंमत दिली असती.

कायद्याच्या दृष्टीने आमचे काही चुकले नाही. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम ५५ विक्रेत्यावर असे बंधन घालते, की त्यास ठाऊक असलेला आणि खरेदीदारास साधारण दक्षतेने न कळण्याजोगा महत्त्वाचा दोष त्याने सांगितलाच पाहिजे. बाईंनी आपली बाजू पुरी केली. तेच कलम खरेदीदारावरही एक बंधन घालते, हे फार थोड्यांस माहीत असते: विक्रेत्याच्या त्या मिळकतीतील हक्काचे स्वरूप किंवा व्याप्ती यासंबंधी त्याची किंमत बरीच वाढविणारी एखादी गोष्ट आपणांस ठाऊक असेल, आणि विक्रेत्यास ती ठाऊक नसावी असे मानण्यास कारण असेल, तर ती त्यास सांगितली पाहिजे. पण निकडीविषयी हा कायदा बोलत नाही. १८७२ चा करार कायदा तर स्पष्टच म्हणतो, की मोबदला अपुरा आहे एवढ्यावरून करार रद्द होत नाही; हजार रुपयांचा घोडा दहा रुपयांस विकण्याचे उदाहरणही तेथे दिले आहे. संमती खुषीची होती की नव्हती हे ठरविताना मात्र न्यायालयास त्या अपुरेपणाचा विचार करता येतो. कायदा येथे थांबतो, आणि त्याने येथेच थांबावे हेही बरे. प्रत्येक सौद्यातील मनाची झडती न्यायाधीश घेऊ लागला तर कोणतेही घर विकले जाणार नाही. थांबलेल्या कायद्याच्या पुढे आपले आपणच चालावयाचे असते.

रोमन पंडित सिसेरो याने इ. स. पू. ४४ मध्ये आपल्या मुलास उद्देशून कर्तव्यावर ग्रंथ लिहिला. त्यात दोषी घर मुकाट्याने विकणाऱ्या माणसाचा वाद येतो, की लाकूड किडके, खोल्यांत सर्प निघतात, पण हे मालकावाचून कोणासच ठाऊक नाही. त्याने सांगावे की न सांगावे? सिसेरोचा कौल सांगण्याच्या बाजूने आहे. पण आम्हांस अधिक लागलेली गोष्ट खरेदीदाराची आहे. स्केव्होला नावाच्या एका थोर कायदेपंडितास शेत घ्यावयाचे होते. त्याने विक्रेत्यास एकदाच काय ती किंमत सांगण्यास सांगितले, विक्रेत्याने सांगितली. स्केव्होला म्हणाला, माझ्या मते शेताची किंमत याहून जास्त आहे, आणि त्याने एक लाख सेस्टर्स अधिक दिले. त्याचे कृत्य सज्जनाचे होते हे सर्वांनी मान्य केले, परंतु शहाण्याचे होते हे लोक मान्य करीनात, असे सिसेरो नमूद करतो. दोन हजार वर्षांत आप्तेष्टांच्या अभिप्रायात फारसा फरक पडलेला नाही.

भाच्याने स्केव्होला व्हावे असे आम्ही त्यास सांगितले नाही. हप्ते भरणाऱ्या माणसास तो थाट परवडत नाही. आम्ही त्यास एवढेच म्हटले, की घरात जे उणे असेल त्याचे पैसे मोजून काप. घरवाल्यात जे उणे आहे त्याचे कापू नकोस. आपण किती देऊ शकतो हे सांगण्याचे बंधन तुझ्यावर नाही. पण दुसरीकडे स्वस्त घर मिळत नसताना मिळते आहे म्हणून सांगू नकोस. आणि निकड ठाऊकच झाली आहे, तर तिचा दुसरा एक उपयोग आहे. त्यांस पैसा लवकर हवा, तो तू लवकर दे. लवकर देण्यासाठी तुला मुदतठेव मोडावी लागेल, व्याज बुडेल. ते बुडालेले व्याज किमतीत मागणे यात काही गैर नाही. तू दिलेल्या सोयीचा तो मोबदला आहे, त्यांच्या संकटाचा नव्हे. ही रेघ बारीक आहे, हे आम्ही जाणतो. दलालास ती दिसणारही नाही.

भाच्याने मालकांशी प्रत्यक्ष बोलणे केले. ऑगस्ट २०२४ च्या पुरात सोसायटीच्या वाहनतळात पाणी शिरले होते (त्या दिवसांत विश्वामित्रीतील मगरी शहरात शिरल्याचे वाचकांस स्मरत असेल), हे मालकांनी विचारताच सांगितले. स्वयंपाकघराचा ओटा बदलावा लागणार होता. या गोष्टी मोजून भाच्याने ४५ सांगितले, आणि इसाराचे पाच लाख आठवड्यात धनादेशाने देण्याचे कबूल केले. मालक ४६ वर आले. तेथे एक निराळाच पेच उभा राहिला. दलालाने सुचविले, की यातील आठ लाख रोख घ्या, दस्तावेज ३८ चा करा, दोघांचेही भले. भाच्यास क्षणभर मोह झाला, कारण गुजरातेत मुद्रांकशुल्क शेकडा ४.९० असल्याने आठ लाखांवर ३९ हजार २०० वाचत होते. रोख इसार घेण्यास १९६१ च्या आयकर कायद्यात २०१५ साली मनाई आली होती, हे खरे. पण तेवढ्या मनाईने रोखीचा व्यवहार थांबला नाही, हे गावात कोणास ठाऊक नाही? विशेष हे, की या सौद्यात विकणारा खूष, घेणारा खूष आणि दलालही खूष असतो. ज्याच्या खिशातून पैसे जातात तो तेथे हजर नसतो. या वेळी आम्हांस काही बोलावे लागले नाही. मालकच म्हणाले, "रुग्णालयात रोख कुठून आली म्हणून विचारतील. मला सगळे धनादेशाने द्या."

दस्तावेज पूर्ण ४६ चा झाला. कचेरीत त्यांच्या कोणा मित्राने भाच्यास एका बाजूस घेऊन सांगितले, की थोडा ताणून धरतास तर ४२ ला घर होते. ते अगदी शक्य आहे.

संध्याकाळी भाचा पेढे घेऊन आमच्याकडे आला. सन १९९४ ची गोष्ट आम्ही त्यास त्या वेळी प्रथम सांगितली, आधी सांगावयास धीर झाला नव्हता. तो बराच वेळ मागच्या खोलीतील त्या कोपऱ्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "मामा, मग ते वीस हजार तुम्ही परत का नाही केलेत?"

आरंभी हप्ते होते, मग मुलांची शिक्षणे होती, आणि २००३ साली बाई निवर्तल्याचे कानावर आले, तेव्हा आता काय करावयाचे असे वाटले, असे आम्ही सांगितले. सांगताना ते आमचे आम्हांसच पटेना. बाईंचा शाळकरी मुलगा, जो दोनदा निरोप घेऊन आला होता, तो आज पन्नाशीकडे झुकला असेल, हे भाच्याने आम्हांस आठवून दिले. नाशिकचा पत्ता शोधण्याचे काम आम्ही त्याच्यावरच सोपविले आहे.