विचारायचे राहून गेले



मागच्या महिन्यात रविवारच्या मिस्सानंतर एक माउली चर्चच्या आवारात आमच्यासाठी थांबली होती. हातातल्या पिशवीत एक मोठा काळा डबा होता. तिचा मुलगा लालबागच्या एका व्यायामशाळेत जातो आणि सुट्टीच्या दिवशी परळच्या मैदानावर फुटबॉल खेळतो. ताकद वाढावी म्हणून व्यायामशाळेतल्या सरांनी त्याला ही पावडर दिली होती. "फादर, यात काय आहे ते जरा वाचा ना. पोराला विचारलं तर म्हणतो, सगळेच घेतात."

डब्यावरची बारीक अक्षरे आम्ही चष्मा लावून वाचली. अर्धी नावे समजली नाहीत. डॉक्टरांना दाखवल्याशिवाय मुलाला देऊ नका, एवढेच आम्ही तिला सांगू शकलो. ती गेली, पण एक प्रश्न आमच्याजवळ ठेवून गेली. "यात काय आहे?" हे त्या मुलाने स्वतः का विचारले नाही? आणि त्याने विचारले नाही म्हणून उद्या काही विपरीत घडले, तर दोष कोणाचा?

हा प्रश्न आपल्या शहराला नवा नाही. मार्च २०१७ मध्ये भारतीय फुटबॉल संघाचे शिबिर मुंबईत भरले होते. तिथे गोलरक्षक सुब्रत पाल याची उत्तेजक चाचणी झाली आणि एप्रिलमध्ये बातमी आली, की त्याच्या नमुन्यात टर्ब्युटॅलिन सापडले. भारताचा कर्णधार राहिलेला आणि आदल्याच वर्षी अर्जुन पुरस्कार मिळालेला हा खेळाडू तेव्हा पुण्याच्या डीएसके शिवाजीयन्स या आय-लीगमधल्या व्यावसायिक क्लबकडून खेळत होता. जाणूनबुजून आपण काहीही बंदी असलेले घेतलेले नाही, असे त्याने जाहीरपणे सांगितले. पुढच्याच हंगामात तो जमशेदपूरच्या गोलमध्ये उभा राहिलेला दिसला. पण वर्तमानपत्रांत त्याच्या नावापुढे जो शब्द छापला गेला, तो पुसणे कोणाच्या हाती होते?

दोन वर्षांनी तेच औषध पुन्हा बातमीत आले. आझाद मैदानावर २०१३ मध्ये हॅरिस शील्डच्या सामन्यात ५४६ धावा करणारा पृथ्वी शॉ आपल्याला आठवत असेल. फेब्रुवारी २०१९ मध्ये इंदूरला मुंबईकडून खेळताना त्याचा नमुना घेतला गेला आणि त्यात टर्ब्युटॅलिन निघाले. खोकल्याच्या औषधातून ते नकळत पोटात गेले, हे त्याचे म्हणणे क्रिकेट मंडळाने मान्य केले. तरीही आठ महिन्यांची बंदी घातलीच. ती १६ मार्च ते १५ नोव्हेंबर २०१९ अशी धरली गेली. तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता.

टर्ब्युटॅलिन हे श्वासनलिका मोकळी करणारे औषध आहे. दम्याच्या रुग्णाला ते वरदान आहे आणि खोकल्याच्या कित्येक औषधांत ते असते. कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून असली बाटली आपण सगळ्यांनीच कधी ना कधी आणली असेल. मग खोकला झाला म्हणून औषध घेणारा मुलगा गुन्हेगार कसा?

जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेचा, म्हणजे वाडाचा, नियम सरळ आहे. शरीरात जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूची. आजारासाठी औषध लागत असेल, तर रीतसर परवानगी घ्यावी. "मला माहीत नव्हते" असे सिद्ध झाले तर शिक्षा कमी होऊ शकते, पण नियमभंग पुसला जात नाही. ऐकताना हे कठोर वाटते. पण क्षणभर समोरच्या संघाच्या बाजूने पाहू या. आपल्या विरुद्ध खेळणाऱ्याचा दम औषधाने वाढला असेल, तर ते त्याला ठाऊक होते की नव्हते, याने आपल्यात आणि त्याच्यात पडलेले अंतर कमी होत नाही. शिवाय "माहीत नव्हते" एवढे म्हणून सुटता आले असते, तर सगळेच ते म्हणाले असते.

म्हणून इथे दोन हिशेब वेगळे ठेवले पाहिजेत. एक खेळाचा आणि दुसरा सदसद्विवेकाचा. खेळाचा हिशेब घडलेल्या गोष्टीवर चालतो. सदसद्विवेकाचा हिशेब माणसाला काय ठाऊक होते आणि त्याने काय स्वीकारले, यावर चालतो. पहिल्या हिशेबात बंदी आली म्हणजे दुसऱ्यातही माणूस दोषी ठरला, असे धरून आपण चाळीच्या गॅलरीत उभे राहून एखाद्या मुलावर शिक्का मारतो, तेव्हा अन्याय आपण करतो. मात्र याची दुसरी बाजूही आहे. "त्याला ठाऊक नव्हते" म्हणजे तो निर्दोषच, असेही लगेच म्हणता येत नाही. हे समजून घ्यायला एका संपूर्ण क्लबची हकीकत उपयोगी पडेल.

ऑस्ट्रेलियात मेलबर्न शहरात एसेंडन नावाचा फुटबॉल क्लब आहे. तिथले फुटबॉल आपल्याकडच्यापेक्षा निराळे. चेंडू लांबट असतो आणि हातातही घेता येतो. पण क्लबवरचे प्रेम आपल्यासारखेच, पिढ्यान्‌पिढ्यांचे. २०१२ च्या हंगामात या क्लबने खेळाडूंची ताकद वाढवण्यासाठी एक कार्यक्रम सुरू केला. स्टीफन डँक नावाचा क्रीडाशास्त्रज्ञ तो चालवत होता. खेळाडूंना संमतीपत्रे दिली गेली, त्यांनी सह्या केल्या आणि इंजेक्शने घेतली. क्लबचे जुने डॉक्टर ब्रूस रीड यांनी त्याच वर्षी जानेवारीत आपली काळजी पत्रात लिहून ठेवली होती. पत्र लिहिले गेले, कार्यक्रम चालूच राहिला.

फेब्रुवारी २०१३ मध्ये क्लब स्वतःच चौकशी यंत्रणेकडे गेला. त्यानंतर जे बाहेर आले ते सुन्न करणारे होते. कोणाला काय, किती आणि केव्हा टोचले याच्या धड नोंदीच नव्हत्या. त्या ऑगस्टमध्ये क्लबला २० लाख डॉलरचा दंड झाला, अंतिम फेऱ्यांतून संघ बाद झाला आणि प्रशिक्षक जेम्स हर्ड यांना बारा महिने दूर ठेवण्यात आले. २०१५ मध्ये तिथल्या न्यायाधिकरणाने पुरावा अपुरा ठरवून खेळाडूंना सोडले. वाडाने अपील केले आणि जानेवारी २०१६ मध्ये आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादाने ३४ आजी-माजी खेळाडूंना दोषी ठरवले. त्यांना २०१६ चा सबंध हंगाम मुकावा लागला. त्या वर्षी एसेंडन तळाला गेले. कर्णधार जोब वॉटसन याने २०१२ चे सर्वोत्तम खेळाडूचे ब्राउनलो पदक परत केले. कामाची जागा सुरक्षित ठेवली नाही म्हणून न्यायालयाने क्लबला आणखी दोन लाख डॉलरचा दंड केला.

खेळाडूंचे म्हणणे होते, की आम्ही क्लबवर विश्वास ठेवला आणि जे देतात ते नियमात बसते असे आम्हाला सांगितले गेले. लवादाने ते पुरेसे मानले नाही. उत्तेजक चाचणीच्या वेळी खेळाडूला एका कागदावर अलीकडे घेतलेली औषधे लिहायची असतात. त्या कागदांवर या इंजेक्शनांचा उल्लेख नव्हता. हे लवादाच्या डोळ्यांत भरले आणि आमच्याही मनात तेच राहिले. ज्यात काही गैर नाही अशी आपली समजूत आहे, ते लिहायला हात का अडखळावा?

आणखी एक तपशील मनोरंजक आहे. डेव्हिड झहाराकिस या खेळाडूने इंजेक्शने घेतली नाहीत. कारण? त्याला सुईची भीती वाटत होती. त्या ३४ जणांत त्याचे नाव आले नाही आणि पुढे कितीतरी वर्षे तो त्याच क्लबकडून खेळला. म्हणजे त्या क्लबमध्ये "नको" म्हणणे अशक्य नव्हते. जे एकाला भीतीपोटी जमले, ते दुसऱ्याला शंका आली म्हणून जमायला हरकत नव्हती.

अज्ञानाबद्दल जुन्या तत्त्वज्ञांनी खोल विचार करून ठेवला आहे. ॲरिस्टॉटल म्हणतो, की दारूच्या नशेत गुन्हा करणाऱ्याला काही ठिकाणी दुप्पट शिक्षा असे, कारण नशा न करणे त्याच्याच हाती होते. त्या क्षणी त्याला भान नव्हते हे खरे, पण भान घालवले त्यानेच. संत थॉमस अक्वायनस यांनी पुढे भेद केले. एक अज्ञान असे, की कितीही प्रयत्न केला तरी ते दूर झाले नसते. त्यात दोष नाही. दुसरे असे, की थोड्या प्रयत्नाने दूर झाले असते, पण आळस आडवा आला. त्यात दोष आहे. तिसरे असे, की माणूस मुद्दामच जाणून घेत नाही, कारण जाणले तर थांबावे लागेल. हा दोष हलका करणारा नाही, वाढवणारा आहे.

आता आपल्या गोष्टी या तीन कप्प्यांत घालून पाहा. खोकल्याने हैराण झालेला तरुण औषध घेतो, तेव्हा फार तर दुसरा कप्पा. बाटली वाचायला हवी होती, कोणाला तरी विचारायला हवे होते. मेलबर्नचा खेळाडू सही करून दंड पुढे करतो आणि चाचणीच्या कागदावर मात्र काही लिहीत नाही, तेव्हा तो दुसऱ्या आणि तिसऱ्या कप्प्याच्या उंबरठ्यावर उभा असतो. आणि जे अधिकारी नोंद ठेवत नाहीत, डॉक्टरांचे पत्र मनावर घेत नाहीत, ते? कागदच ठेवला नाही म्हणजे उद्या कोणी विचारले तरी उत्तर द्यावे लागत नाही. अज्ञानाची सोय आधीच करून ठेवणाऱ्याचा वाटा आमच्या मते सर्वांत मोठा आहे.

हे लिहिताना आम्हाला दुसऱ्यांकडे बोट दाखवून थांबता येत नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी, आम्ही नवे धर्मगुरू असताना, एका धर्मग्रामाचा सोळा वर्षांखालील मुलांचा फुटबॉल संघ आमच्याकडे होता. उन्हाळ्यातल्या एका स्पर्धेच्या आदल्या दिवशी कोणीतरी एक नवा मुलगा आणला. उंच, दणकट, ओठांवर चांगली मिशी. जन्मदाखल्याची झेरॉक्स इतकी पुसट होती की वर्ष नीट वाचता येत नव्हते. आम्ही ती उजेडाकडे धरली नाही. मूळ दाखला मागितला नाही. फाइलमध्ये ठेवली आणि संघाच्या यादीवर सही केली. अंतिम सामन्यात त्या मुलाने तीन गोल केले. समोरचा छोटा गोलरक्षक सामना संपल्यावर खांबाला टेकून रडत होता. त्याच्या पाठीवर हात ठेवून आम्ही म्हणालो, "हरजीत चालायचीच, बाळा."

त्या दिवशी कोणी खोटे बोलले नाही. आम्हाला विचारले असते तर आम्हीही शपथेवर म्हणालो असतो, की आम्हाला माहीत नव्हते. आणि ते अक्षरशः खरे होते. पण ते तिसऱ्या कप्प्यातले खरे होते. तो कप त्या चर्चच्या कचेरीतल्या कपाटात अजून असेल. रडणारा तो मुलगा आता तिशीत असेल. त्याला शोधून काय सांगायचे, हे आम्हाला आजही उमगलेले नाही. वॉटसनला निदान पदक परत करायला एक ठिकाण होते.

आपल्या गिरगाव, दादर, परळ, लालबागच्या मुलांना खेळ म्हणजे नुसता विरंगुळा नसतो. खेळाडूंच्या कोट्यातून रेल्वेत, पोलिसांत, बँकेत नोकरी लागली तर दहा बाय बाराच्या खोलीतले सगळे घर वर येते. म्हणूनच ती मुले सरांना उलट विचारत नाहीत. "सर, यात काय आहे?" असे विचारले तर उद्या संघात नाव नसेल, ही भीती खरी आहे. या भीतीचे ओझे एकट्या सोळा वर्षांच्या मुलावर टाकून मोकळे होणे योग्य नाही. मुलाने विचारावे, हे खरे. पण विचारणारा मुलगा संघात राहील याची हमी मोठ्यांनी द्यायला हवी.

म्हणून एक साधी विनंती. यंदाच्या उन्हाळी स्पर्धेसाठी नाव देणाऱ्या प्रत्येक मुलाच्या मूळ दाखल्याची खातरजमा आम्ही स्वतः करू, मग संघ दुबळा झाला तरी चालेल. पालकांनी मुलांना दिली जाणारी पावडर, गोळी, बाटली, जे असेल त्याचे नाव कागदावर लिहून मागावे आणि तो कागद डॉक्टरांना दाखवावा. शिकवणाऱ्याने लिहून द्यायला नकार दिला, तर तेच उत्तर समजावे. आणि प्रशिक्षकांनी पहिल्याच दिवशी सर्वांसमोर सांगावे, की प्रश्न विचारल्याबद्दल कोणाला बाहेर बसवले जाणार नाही.

ती माउली चौथीपर्यंत शिकलेली आहे. डब्यावरचे इंग्रजी तिला वाचता येत नव्हते. आपल्याला हे कळत नाही एवढे मात्र तिला कळले आणि ती डबा घेऊन विचारायला आली. आम्ही पदव्या घेऊन ती पुसट झेरॉक्स हातात धरली होती, तेव्हा आम्हाला तेवढेच करायचे होते.