वाट कोणी पाहावी?

एकाच अरुंद मार्गावरून माल, माणसे आणि रानातली जनावरे जाणार असतील, तर आधी कोणी जायचे आणि कोणी थांबायचे, हा मुळात न्यायाचा प्रश्न आहे. हावडा-मुंबई लोहमार्गाला बल्लारशाह आणि बालाघाटकडचे मार्ग जिथे मिळतात, त्या गोंदिया जंक्शनवर तो रोज सोडवावा लागतो.

रेल्वेचा क्रम ठरलेला आहे. अपघातस्थळी निघालेली मदतगाडी सर्वांत आधी, मग मेल-एक्स्प्रेस, त्यानंतर पॅसेंजर. मालगाडी बहुधा बाजूच्या रुळावर, लूप लाइनवर, थांबते. संकटातल्याची गरज पहिली आणि मालाआधी माणूस, हे त्यामागचे तत्त्व.

२०२२च्या उन्हाळ्यात हा क्रम उलटला. वीज केंद्रांतला कोळसा कमी पडला आणि कोळशाच्या मालगाड्यांसाठी देशभर प्रवासी गाड्यांच्या शेकडो फेऱ्या रद्द झाल्या. गोंदिया ज्या दक्षिण पूर्व मध्य रेल्वेत येते, तिथल्या प्रवाशांना त्याची झळ अधिक बसली. वीज गेली तर दवाखाने आणि पाणीपुरवठा अडतो. तेव्हा पुष्कळांच्या हितासाठी थोड्यांनी सोसावे, हा उपयुक्ततावादी तत्त्वज्ञ बेंथमचा हिशेब इथे लागू पडतो असे वाटते. तत्त्वज्ञ जॉन रॉल्सने १९७१ साली नेमका यावरच आक्षेप घेतला: एकाचा तोटा दुसऱ्याच्या लाभाने भरून निघत नाही, कारण ती दोन वेगळी माणसे आहेत. गोंदिया जिल्ह्यातल्याच तिरोड्याच्या ३,३०० मेगावॉट वीज केंद्राची वीज दूरदूर जाते, पण गाडी रद्द झाली की बुडतो तो रोजंदारीवर निघालेल्याचा दिवस. टिळकांनी ‘गीतारहस्या’त लोकसंग्रहावर भर दिला. लोकसंग्रह म्हणजे सर्वांना धरून ठेवणे. त्यातून सर्वांत दुबळा सुटला, तर उरतो तो केवळ बहुसंख्यांचा स्वार्थ. म्हणून असा त्याग मागायचाच असेल तर त्याची मुदत आधी सांगावी, पर्यायी बसची सोय करावी आणि दरवेळी त्याच खांद्यांवर भार टाकू नये. एवढे केले नाही, तर तो त्याग राहत नाही, सक्ती होते.

जनावराकडे तर त्यागही मागता येत नाही. नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाच्या दोन जंगलांमधल्या भ्रमणमार्गातून राष्ट्रीय महामार्ग ५३ आणि गोंदिया-बल्लारशाह लोहमार्ग जातात. वाघाला वेळापत्रक कळत नाही, त्यामुळे थांबण्याची जबाबदारी पूर्णपणे माणसाची. गोंदिया-बल्लारशाह या २४० किलोमीटर लोहमार्गाच्या दुहेरीकरणाला केंद्राने एप्रिल २०२५मध्ये मंजुरी दिली. दुसऱ्या रुळामुळे गाड्यांचे खोळंबणे कमी होईल, पण जनावराला ओलांडायची वाट अधिक धोक्याची होईल. त्यामुळे जनावरांसाठीचे भुयारी मार्ग आणि जंगलपट्ट्यातली वेगमर्यादा मूळ आराखड्यातच असली पाहिजे.