शनी नसलेलं घर

नगरला पाहुणे आले की त्यांना दाखवायच्या आमच्या दोन जागा ठरलेल्या आहेत. एक भुईकोट किल्ला, दुसरे शनिशिंगणापूर. (जिल्ह्याचे नाव २०२४ साली अहिल्यानगर झाले, पण आमचे पाहुणे अजून ‘नगर’लाच उतरतात.) किल्ल्यात कुलपाआड ठेवलेली माणसे मोठी, आणि शिंगणापुरात कुलपावाचून राहणारी माणसे मोठी. कुलपाचा आणि आमचा असा जुना संबंध आहे.

गेल्या दिवाळीत मुंबईहून मेहुणा सहकुटुंब आला. शिंगणापुरात घरांच्या चौकटींना दारे नाहीत, फार तर पडदा, हे पाहून तो हरखून गेला. २०११ साली युको बँकेनेसुद्धा इथे कुलपाशिवाय शाखा उघडली, हे ऐकल्यावर तर त्याने चक्क हात जोडले.

“दाजी, काय प्रामाणिक माणसं हो!”

आता, पाहुण्याने कौतुक केले की यजमानाला तत्त्वज्ञान सुचते. मी म्हणालो, “प्रामाणिकपणा वेगळा आणि भीती वेगळी. चोरी करणाऱ्याला शनी गावाची वेस ओलांडू देत नाही, अशी इथली श्रद्धा. आमचं जिल्हा वाचनालय १८३८ सालचं. तिथलं पुस्तक आपण वेळेवर परत करतो, ते काय ज्ञानाच्या प्रेमापोटी? दंड पडतो म्हणून! जिथे शनीही नाही आणि दंडही नाही, तिथे माणूस कसा वागतो ते बघावं.”

वाक्य मला इतके आवडले की गाडीत ते मी आणखी दोनदा म्हटले.

“भीतीनं का होईना, ज्याची वस्तू त्याच्याकडे राहते ना?” आमची ही म्हणाली. “मग त्यानं कारण कशाला विचारायचं?”

बायकांना तत्त्वज्ञानातले बारकावे कळत नाहीत, अशा अर्थाचे मी हसलो.

दुसऱ्या दिवशी किल्ल्याचा विषय निघाला. ९ ऑगस्ट १९४२ ला पंडित नेहरूंना अटक झाली आणि १९४५ च्या मार्चअखेरपर्यंत ते इथे बंदिवान होते. ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ त्यांनी याच किल्ल्यात, १९४४ साली, पाचेक महिन्यांत लिहिले. मौलाना आझादांची ‘गुबार-ए-खातिर’मधली पत्रेही इथलीच. ती एका मित्राला लिहिलेली, पण तुरुंगातून धाडता न आलेली.

“आहे का तुमच्याकडे नेहरूंचं ते पुस्तक?”

“आहे म्हणजे काय!” मी कमरेची किल्ली काढली. होय, माझ्या पुस्तकांच्या कपाटाला कुलूप आहे. लोक पुस्तके नेतात आणि आणून देत नाहीत, असा माझा अनुभव आहे.

पुस्तक मेहुण्याच्या हातात दिले. त्याने पहिले पान उघडले आणि मोठ्याने वाचले. वर माझ्या एका जुन्या मित्राचे नाव, खाली ‘जून १९७८’, आणि त्याखाली अधोरेखित : ‘वाचून परत करणे.’

घरात शांतता पसरली. मग ही म्हणाली, “आपल्या घरात शनी नाही वाटतं?”

मी बाजू मांडून पाहिली. उसने नेणे म्हणजे चोरी नव्हे. माझा हेतू शुद्ध होता. चाळीसहून जास्त वर्षे मी त्याला कव्हर घातले, वाळवीपासून जपले. पुस्तक शेवटी वाचणाऱ्याचेच. सगळे मुद्दे बिनतोड होते. फक्त पुढच्याच पानांत नेहरू आडवे आले. त्यांनी ते पुस्तक अर्पण केले आहे किल्ल्यातल्या सहबंदिवानांना. आझाद, पंत, नरेंद्र देव, असफ अली या चौघांकडून आपल्याला खूप काही मिळाले, हे प्रस्तावनेत नावे घेऊन सांगितले आहे. उसने घेतलेले ज्ञानसुद्धा पावती देऊन परत करणाऱ्या माणसाचे पुस्तक मी ढापून बसलो होतो.

मित्र सावेडीत राहतो. चालत वीस मिनिटे. संध्याकाळी गेलो. मोठ्याने हसायचे आणि पुस्तक पुढे करायचे, असे ठरवून गेलो होतो. तो हसला नाही. पुस्तक उलटसुलट करून पाहत राहिला.

“लेका, तुझ्याकडे होतं हे?”

“राहून गेलं.”

“आमच्या वाड्यात एक पोरगं यायचं वाचायला. हुशार. मी समजलो, त्यानंच नेलं. बोललो काही नाही. पण दुसऱ्या दिवसापासून कपाटाला कुलूप लावलं. त्यानं ते पाहिलं, आणि यायचं बंद केलं.”

मी मुकाट चहा प्यालो. शिंगणापुरात दारे नाहीत, त्याचा दुसरा अर्थ मला तेव्हा कळला. कुलूप लावले की समोरच्या कोणाला तरी, काही न बोलता, चोर म्हटल्यासारखे होते. तिथली माणसे शनीला भीत असतील. पण निदान शेजाऱ्याला भीत नाहीत.

“तो आता कुठे असतो?”

“पुण्याला. रिटायर झाला.” मित्राने एका चिठ्ठीवर नंबर लिहिला, ती पुस्तकात घातली आणि पुस्तक माझ्याच हातात दिले. “हे त्याला नेऊन दे. मात्र आधी फोन कर. आणि खरं काय ते सांग.”

याला आठवडा झाला. पुस्तक टेबलावर आहे, चिठ्ठी पुस्तकात आहे. शनी नाही, दंड नाही, विचारणारे कोणी नाही. जिथे माणूस कसा वागतो ते बघावे असे मी म्हणत होतो, बरोबर त्याच जागी मी बसलो आहे. दोनदा नंबर फिरवला आणि घंटी वाजायच्या आत फोन ठेवला.

ही मधूनमधून डोकावून जाते. काही बोलत नाही. पण कपाटाचे कुलूप तिने काढून टाकले आहे.