प्रश्न मुलांचा, उत्तर कोणाचे?



काही महिन्यांपूर्वी रविवारच्या मिस्सानंतर एक आई मागे थांबली. सगळे गेल्यावर म्हणाली, "फादर, पोट्ट्याच्या मोबाईलात जे दिसलं ते तोंडानं सांगता येत नाही. बापानं त्याले लय मारलं. आता काय करू?" मी विचारले, "मारण्याआधी किंवा नंतर या विषयावर त्याच्याशी कोणी बोललं का?" ती म्हणाली, "असं कसं बोलणार, फादर?" तिच्या परवानगीने हे लिहीत आहे, कारण हा प्रश्न एका घराचा नाही. 2016 नंतर इंटरनेट स्वस्त झाले आणि अश्लील चित्रफिती कामरगावच्या घराघरांत, मुलांच्या हातात पोहोचल्या. आपली जीभ मात्र अजून तिथेच अडखळते.

तरुण विचारतात, "मी एकटाच पाहतो. कोणाला मारत नाही, कोणाचे चोरत नाही. मग यात पाप कुठे?" प्रश्न प्रामाणिक आहे. 'ते घाण असते' एवढे सांगून भागत नाही, कारण देह घाण नाही. देवाने स्त्री-पुरुष निर्माण केले आणि आपली निर्मिती फार चांगली असल्याचे पाहिले, असे पवित्र शास्त्र पहिल्याच अध्यायात सांगते.

खरे उत्तर एका धर्मगुरूने दिले. कॅरोल वॉयतीवा हे पोलंडमध्ये तत्त्वज्ञान शिकवत. ते तरुणांबरोबर डोंगरात आणि नदीवर जात आणि प्रेम, लग्न, देह या विषयांवर मोकळेपणाने बोलत. 1960 साली त्यांनी यावर पुस्तक लिहिले. पुढे तेच पोप जॉन पॉल दुसरे झाले आणि 1979 ते 1984 या काळात बुधवारच्या प्रवचनमालेत त्यांनी देहाचा अर्थ उलगडला. त्यांच्या विचाराचे सार असे: वस्तू वापरायची असते, माणूस वापरायचा नसतो, त्याच्यावर प्रेम करायचे असते.

ही कसोटी लावून पाहा. त्या चित्रफितीतील बाईला नाव आहे, आई आहे, कदाचित लेकरूही आहे. पाहणाऱ्याला यातले काहीच नको असते. काही चित्रण फसवून किंवा धाकाने केलेले असते. कोणते तसे आहे हे पाहणाऱ्याला कळत नाही. म्हणजे 'मी कोणाचे काही बिघडवत नाही' हे खरे नाही. दुसरे नुकसान पाहणाऱ्याचे होते. डोळा जे रोज शिकतो तेच तो बाहेर घेऊन जातो. वर्गातली मुलगी, शेजारची ताई, उद्याची बायको, सगळ्यांकडे तो त्याच नजरेने पाहू लागतो. पडद्यावरची जबरदस्ती त्याला प्रेमाची रीत वाटू लागते. म्हणूनच प्रभू येशूने डोंगरावरील प्रवचनात कृतीबरोबर नजरेचाही हिशोब मागितला.

मग हे मुलांना सांगायचे कोणी? आपल्या महाराष्ट्रात हा वाद जुना आहे. र. धों. कर्वे यांनी 1927 पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवले. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना छापील उत्तरे दिली म्हणून 1934 साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला हरला, कर्व्यांना दंड झाला. संततिनियमनाबाबत कर्व्यांचे मत आणि ख्रिस्तसभेची शिकवण यांत मोठे अंतर आहे. तरी त्या खटल्यातला प्रश्न आपल्यालाही टाळता येत नाही: मनापासून विचारणाऱ्याला उत्तर देणे ही अश्लीलता कशी? 2007 साली विधिमंडळात विरोध झाल्यावर राज्य सरकारने शाळांतील लैंगिक शिक्षणाचा कार्यक्रम थांबवला. मुलांचे प्रश्न मात्र थांबले नाहीत. घर गप्प, शाळा गप्प, चर्च गप्प. मग शिकवणी मोबाईलने घेतली.

पोप फ्रान्सिस यांनी 2016 साली कुटुंबावरील आपल्या पत्रात लैंगिक शिक्षणाची गरज स्पष्ट मांडली. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही 23 सप्टेंबर 2024 च्या निकालात त्यावर भर दिला. त्याच निकालात हेही ठरले की अल्पवयीन मुलांचे अशा प्रकारचे चित्रण बाळगणे व पाहणे हा गुन्हा आहे. मुलांनो, वर्गातल्या एखाद्या मुलीचा तसला फोटो ग्रुपवर आला तर गंमत म्हणून पुढे पाठवू नका. तो गुन्हा आहे, आणि त्याहून आधी ती एका बहिणीची विटंबना आहे. असा त्रास होत असेल तर 1098 या क्रमांकावर मदत मागता येते.

पालकांना माझी विनंती आहे. मूल वयात येण्याआधीच साध्या शब्दांत बोला. रात्री घरातले सगळे मोबाईल एका जागी ठेवा. सगळे म्हणजे आईबापाचेही. मुलाचा फोन तपासण्याआधी बापाने आपला तपासावा. मित्रांच्या ग्रुपवर येणाऱ्या चित्रफिती पाहून हसणाऱ्या बापाच्या हातातली छडी मुलाला काही शिकवत नाही.

आणि जो तरुण या सवयीत अडकला आहे त्याला एवढेच सांगतो: तू वाया गेलेला नाहीस. पापनिवेदनाला ये. पुन्हा पडलास तर पुन्हा ये. मी ओरडणार नाही. प्रभूने धरून आणलेल्या त्या स्त्रीवर दगड उचलला नाही, आणि पुन्हा पाप करू नकोस हे सांगायलाही तो विसरला नाही. दोन्ही गोष्टी एकाच तोंडाने बोलता येतात, हे आपण त्याच्याकडून शिकू या.

ती आई नंतर भेटली. म्हणाली, "बोललो आम्ही. आधी तो रडला, मग त्याचा बाप."

ख्रिस्तामध्ये आपला,
धर्मगुरू