सरमेचा प्रश्न

कुरुक्षेत्रावर जनमेजयाचं सत्र चालू होतं. तिथे एक कुत्रा आला आणि राजाच्या भावांनी त्याला बडवलं. तो रडत आईकडे, सरमेकडे गेला. तिने आधी पोरालाच विचारलं, तू काही आगळीक केलीस का? तो म्हणाला, मी हवीकडे पाहिलंसुद्धा नाही, तोंड लावणं तर दूरच. मग सरमा यज्ञमंडपात शिरली आणि तिने जाब विचारला: याने काही केलं नाही, तर याला मारलंत कशाबद्दल? एकालाही उत्तर देता आलं नाही. ‘ध्यानीमनी नसताना तुमच्यावर भय कोसळेल,’ असा शाप देऊन ती निघून गेली.

मी संस्कृत शिकवायचे तेव्हा पोरांना महाभारतातली ही गोष्ट फार आवडे, कारण तिच्यात कुत्र्याची आई भांडायला येते. आता घरात मुलाने आणलेला रॉटवायलर आहे. नाव सोन्या, वजन माझ्याहून थोडंच कमी. मुलगा नोकरीसाठी परगावी गेला, त्यामुळे सोसायटीच्या बैठकीत भांडायला मीच जाते.

१२ मार्च २०२४ ला केंद्राच्या पशुसंवर्धन विभागाने राज्यांना एक परिपत्रक पाठवलं. रॉटवायलरसकट तेवीस जातींच्या कुत्र्यांची आयात, पैदास, विक्री बंद करा, नवे परवाने देऊ नका, आधीपासून घरात असलेल्यांची नसबंदी करा. त्या यादीत जपानचा तोसा दोन वेगवेगळ्या नावांनी दोनदा आला होता, आणि ‘टेरियर’ असा एक सरसकट शब्दही होता, ज्यात मांडीवर मावणारी कुत्रीही बसतात. कर्नाटक उच्च न्यायालयाने महिन्याच्या आत परिपत्रक रद्द केलं. संबंधितांचं म्हणणं ऐकून घेतलं नव्हतं, हे त्यामागचं मोठं कारण. आमच्या बैठकीत मात्र रद्द झालेलं ते परिपत्रकच वाचून दाखवण्यात आलं.

तिसऱ्या मजल्यावरची एक तरुण आई तेव्हा म्हणाली, ‘‘काकू, तो काही करणार नाही हे तुम्हाला माहीत आहे. मला कुठे माहीत आहे?’’ हे मला खोडून काढता आलं नाही. २०२२ साली लखनौत एका ब्याऐंशी वर्षांच्या बाईंचा जीव घरच्याच पिटबुलने घेतला. सोन्याचा जबडा मी रोज पाहते. तो बिघडला तर मला आवरायचा नाही, हे मी जाणून आहे. भीतीला अडाणीपणा म्हणणाऱ्या श्वानप्रेमींशी माझं जमत नाही.

त्यांच्याशी न जमण्याचं आणखी एक कारण आहे. लॅब्राडोर जातीनेच मायाळू, जर्मन शेफर्ड जातीनेच हुशार, असं सांगत हेच लोक पिल्लाच्या आजोबा-पणजोबांच्या कागदांसाठी हजारो रुपये मोजतात. गुण जन्मातून येतात असं मानून कुत्रा विकत घ्यायचा आणि दोषाची पाळी आली की ‘सगळं संस्कारांवर असतं’ म्हणायचं, हे कसं चालेल? ‘सायन्स’मध्ये २०२२ साली अमेरिकेतल्या अठरा हजारांहून अधिक कुत्र्यांच्या मालकांना विचारून केलेला अभ्यास छापून आला. कुत्र्याकुत्र्यांच्या वागण्यातला जेमतेम नऊ टक्के फरक जातीवरून सांगता येतो, असं त्यात निघालं. हा आकडा सोन्याच्या बाजूने बोलतो, तसाच त्या मायाळू लॅब्राडोरच्या विरुद्धही.

पुन्हा जनमेजयाकडे येते. शापाने घाबरून त्याने पुरोहित शोधला तो सोमश्रवा, सर्पिणीच्या पोटी जन्मलेला. आणि पुढे याच राजाने सर्पसत्र मांडलं. बापाला डसला तक्षक, आगीत पडू लागले यच्चयावत साप. एका कुत्र्याबद्दल ऐकलेला प्रश्न त्याला अख्ख्या कुळाबद्दल आठवला नाही. महाभारत मात्र विसरलेलं नाही. एलापत्र नाग भावंडांना ब्रह्मदेवाचं बोलणं सांगतो: डसणारे, क्षुद्र, पापी असतील ते जातील, धर्माने वागणारे जाणार नाहीत. साप विषारी असतात हे तिथे कुणीही नाकारत नाही. फक्त विष असणं आणि डसणं या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या आहेत.

माणसांना कुत्र्यांच्या रांगेत बसवायचं नाही. ते काम पुष्कळांनी आधीच केलंय. पण कायद्याची ही विचारसरणी आपल्या ओळखीची आहे. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये तारांच्या कुंपणाआड ठेवलेली माणसं सुटली ती १९५२ साली.

जिन्यात आणि लिफ्टमध्ये मी सोन्याला मुसकं घालते. काही श्वानप्रेमींना हे शरण जाणं वाटतं. मला ते देणं वाटतं, त्या तरुण आईचं. ताकदीचं जनावर बाळगणाऱ्याने जास्त जपावं, पट्टा आखूड ठेवावा, विमा काढावा, चूक झाली तर स्वतः कोर्टात उभं राहावं, असा नियम आणा, मी पहिली सही करते. मुसकं घातल्याने सोन्या गुन्हेगार ठरत नाही. यादीत नाव घातलं की ठरतो. शिवाय यादीने भागत नाही. ब्रिटनने १९९१ साली चार जाती बंद केल्या. २०२३ संपता संपता पाचवी घालावी लागली.

आस्तिक ऋषीने जनमेजयाचं सर्पसत्र थांबवलं तेव्हा असंख्य साप जळून गेले होते. तक्षक जिवंत होता, तो इंद्राच्या आश्रयाला गेला होता. पैदास करणाऱ्यांनी नोंदणी करावी, आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकू नये, असा नियम आपल्याकडे २०१७ पासून आहे. सोन्याला विकणाऱ्याकडे मुलाने नोंदणीचा कागद मागितला, तर ‘पाठवतो व्हॉट्सॲपवर’ म्हणाला. अजून आलेला नाही. बैठकीत त्याचं नाव कुणी विचारलं नाही.