५४७४ वाटाणे

शाळेच्या पुस्तकात ग्रेगोर मेंडेल येतो तो तीनास एक हे गुणोत्तर हातात घेऊनच. गोल बिया तीन, सुरकुतलेली एक. चौकटी आखून मुले ते गणित दोन मिनिटांत सोडवतात आणि पैकीच्या पैकी गुण घेतात. मेंडेलने १८६६ साली छापलेल्या निबंधातले आकडे मात्र इतके शहाण्यासारखे वागत नाहीत. २५३ संकरित झाडांपासून त्याला ७३२४ बिया मिळाल्या. त्यांत ५४७४ गोल आणि १८५० सुरकुतलेल्या. भागाकार २.९६ येतो. झाडागणिक पाहिले तर गोंधळ आणखी वाढतो. एका झाडावर ४५ ला १२, दुसऱ्यावर ४३ ला अवघ्या दोन, आणि एकावर तर गोल १४, सुरकुतलेल्या १५. म्हणजे पारडे चक्क उलटे. मेंडेलने हे झाकून ठेवले नाही, निबंधातच लिहून ठेवले.

या १४ ला १५ वाल्या झाडाचे काय करायचे? एखाद्या मुलीने वर्गात हा प्रश्न विचारला, तर जीवशास्त्राचा तास खऱ्या अर्थाने तिथून सुरू होईल. पण ते झाड पुस्तकात नाही, त्यामुळे प्रश्नही नाही. सजीवांत दोन पाने तंतोतंत सारखी नसतात. एवढ्या वेगळेपणातून नियम कसा वर येतो आणि त्यासाठी किती मोजावे लागते, हे न कळता तीनास एक पाठ केले की नियम आकाशातून पडल्यासारखा वाटतो.

आणि मेंडेल स्वतः शाळामास्तर होता. १८५४ ते १८६८ या काळात ब्रनोच्या शाळेत तो भौतिकशास्त्र आणि निसर्गविज्ञान शिकवत होता, तेही बदली शिक्षक म्हणून. शिक्षकपदाची परीक्षा त्याला कधी पास होता आली नाही. टीईटीच्या आजच्या जमान्यात त्याला वर्गावर उभेही केले नसते.

आपल्याकडे प्रात्यक्षिक म्हणजे प्रयोगवही. उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान. कांद्याचा पापुद्रा काचपट्टीवर ठेवतात, आयोडीनचा थेंब सोडतात. सूक्ष्मदर्शकात दिसतात हवेचे बुडबुडे, दुमडलेली कड, आणि एका कोपऱ्यात, नशिबाने, चार पेशी. मूल वहीत काढते पुस्तकातली विटांची भिंत, प्रत्येक विटेत एक टिंब. बुडबुडा काढला तर गुण कापले जातात. निरीक्षणाच्या रकान्यात न पाहिलेले लिहायला आपण असे दहाव्या-बाराव्या वर्षीच शिकवतो. मला हे कमी वेळ, कमी सूक्ष्मदर्शक वगैरे अडचणींपेक्षा गंभीर वाटते.

पैशांची सबब तर जनुकशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांनी फार पूर्वीच मोडीत काढली. १९५७ साली ते लंडन सोडून कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत आले, आणि महागडी उपकरणे मागण्याऐवजी त्यांनी तरुण सहकाऱ्यांना अंगणात धाडले. एस. के. रॉय पारिजातकाच्या फुलांच्या पाकळ्या मोजत बसले. द्रोणमराजू घाणेरीच्या झुडपाशी उभे राहून कोणते फुलपाखरू कोणत्या रंगाच्या फुलावर बसते ते टिपू लागले. ती नोंद १९५८ साली ‘करंट सायन्स’मध्ये छापून आली. पक्ष्यांना न मारता त्यांचा अभ्यास कसा करावा, यावर हाल्डेन यांनी स्वतः मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात लिहिले.

हाल्डेन यांच्या या सहकाऱ्यांपैकी टी. ए. डेव्हिस यांचे काम कोकण-गोव्याच्या वाचकाने मुद्दाम पाहावे. माडाच्या झावळ्या खोडाभोवती चक्राकार चढत जातात, काही माडांत डावीकडून, काहींत उजवीकडून. झाडाखाली उभे राहून वर पाहिले, तर नारळाचा घड झावळीच्या देठाच्या एकाच बाजूला कललेला दिसतो, आणि त्या झाडावर ती बाजू बदलत नाही. डाव्या माडाची रोपे डावीच निघतील, असे कोणालाही वाटेल. डेव्हिस यांनी मोजून दाखवले की तसे होत नाही. दोन्ही प्रकारच्या माडांपासून दोन्ही प्रकारची रोपे जवळपास निम्मी निम्मी येतात. हे डावे-उजवेपण वंशाने उतरत नाही. सोंड उजवी की डावी हे पाहून आपण गणपतीचे सोवळे ठरवतो. परसातला माड कसला, हे मात्र घरात कोणाला ठाऊक नसते.

मोजणी म्हणजे संशोधन नव्हे, आजचे जीवशास्त्र जनुके वाचणाऱ्या यंत्रांवर चालते, असा आक्षेप येईल. तो अर्धा बरोबर आहे. पेशी किंवा डीएनए कोणी मूल स्वतः शोधणार नाही. ते सांगावेच लागेल. पण यंत्रातून आलेल्या आकड्यांतही १४ ला १५ वाले झाड असतेच, आणि त्याच्याकडे पाहायची सवय यंत्र लावत नाही.

सरकारी शाळांत हे जमत नाही, हेही खरे नाही. १९७२ साली मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात सोळा शाळांपासून सुरू झालेल्या उपक्रमात मुले प्रयोग करून आपले आकडे फळ्यावर मांडत आणि त्यांवर भांडत. परीक्षेला पुस्तक आणि वही उघडी ठेवायला परवानगी असे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले शास्त्रज्ञही त्यात उतरले होते. तीस वर्षे चाललेला तो उपक्रम २००२ साली शासनाने बंद केला. तो फसला म्हणून बंद पडला, असे मला वाटत नाही.

तेव्हा सिंधुदुर्ग-रत्नागिरीतल्या शिक्षकांना एवढीच विनंती: यंदा सातवीच्या मुलांकडून गावातले डावे-उजवे माड मोजून घ्या. आकडे वर्गाच्या भिंतीवर लावा, निम्मे-निम्मे आले नाहीत तरी खोडू नका, आणि पुढच्या वर्षीच्या वर्गाला ते पुन्हा तपासू द्या.